शांततेचे एकतीस सेकंद

बाजू अ

'गंजीफ्रॉक' या पंक बँडची गाणी ज्यांना कधीच सहन झाली नाहीत, त्यांनाही त्या बँडची शांतता माहीत होती.

दिवे लागायचे. गंजीफ्रॉक घातलेली तीन माणसं स्टेजवर यायची. समोरची हजारभर पोरं आधीच किंचाळत असायची. मग दस्तगीर शिकलगार डावा हात वर करायचा आणि सगळं थांबायचं. तो मान डाव्या खांद्याकडे कलती करून, डोळे मिटून उभा राहायचा. कुणीतरी एकदा घड्याळ लावून मोजलं होतं, एकतीस सेकंद. मग तो गिटारची एखादी खुंटी जराशी पिळायचा, तारेवर हात मारायचा, "जुळली!" म्हणून ओरडायचा, आणि पुढचा सव्वा तास आजूबाजूचे लोक पोलिसांना फोन करत राहायचे.

त्या एकतीस सेकंदांत तो स्वतःच्या डाव्या कानातली शिट्टी ऐकायचा.

ही शिट्टी सुरू झाली बँडच्या पहिल्याच वर्षी. बबन खोत ड्रमवर असायचा आणि त्याची मोठी झांज दस्तगीरच्या डाव्या कानापासून दोन हातांवर. शो संपला तरी झांज संपेना. दुसऱ्या दिवशीही संपेना. तिसऱ्या दिवशी दस्तगीर म्हणाला, "जाऊ दे. फुकटचा सूर मिळालाय. हिच्यावरच गिटार लावू." तेव्हापासून बँडचा एकच नियम होता आणि तो बँडमधल्या तिसरीच्या, वैजूच्या, बास गिटारच्या पाठीवर खिळ्यानं कोरलेला होता : मशीनला विचारायचं नाही. सूर दाखवणारं यंत्र खिशात सापडलं तर बँडमधून बाहेर.

ही गोष्ट एकोणीसशे सत्त्याण्णवची. आता दोन हजार चव्वेचाळीस चालू होतं. बबनला जाऊन तेरा वर्षं झाली होती. दस्तगीर सदुसष्ट वर्षांचा होता, आणि तब्बल अठ्ठावीस वर्षांनी 'गंजीफ्रॉक'चा पाचवा अल्बम निघत होता. नाव ठरलं होतं 'कानस'. नऊ गाणी झाली होती. एक राहिलं होतं.

•

मिरजेच्या म्हैसाळ रस्त्यावर एक बर्फाचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. त्याच्या हातभर जाड भिंतींच्या आत ऋजुता नावाच्या तिशीतल्या मुलीनं स्टुडिओ थाटला होता. ध्वनिमुद्रण तीच करायची, आणि बबनच्या जागी ताल धरायलाही तीच. ड्रम नव्हते. सतारीच्या कारागिरांनी तडा गेला म्हणून टाकून दिलेले मोठाले भोपळे तिनं ओळीनं मांडले होते आणि ती ते काठ्यांनी बडवायची.

त्या दिवशी नववं गाणं परत ऐकताना दस्तगीरच्या लक्षात आलं, की दोघीही आपल्याकडे बघायल्यात.

"काय झालं?"

वैजयंता कुरणे, म्हणजे वैजू, काहीतरी बोलली. तिचे ओठ हलले. तीन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा आवाज पार बसला होता. एकेकाळी माइक नसताना शेवटच्या रांगेला शिव्या घालणारी बाई आता कुजबुजल्यासारखी बोलायची. आणि ती उभी असायची नेहमीप्रमाणे त्याच्या डावीकडे.

"मोठ्यानं बोल की!"

ती परत बोलली. परत नुसते ओठ. शेवटी तिनं गाण्याचा कागद उलटा केला, पेन काढलं आणि लिहिलं : *अर्धा ठोका मागं आलास. तिसऱ्यांदा. कान दाखव, बैला.*

दहाव्या गाण्यातलं एक कडवं वैजू गाणार होती. या बसलेल्या आवाजात. कल्पना दस्तगीरचीच. ऋजुता म्हणत होती की ते ऐकून अंगावर काटा येतो. दस्तगीरला त्यातला एक शब्दही ऐकू आला नव्हता.

•

डॉ. निवेदिता मगदूमनी त्याला कानाचं चित्र दाखवलं.

आतल्या कानात शंखासारखी एक नळी असते, चण्याएवढी. तिच्या आत केसपेशींची रांग. पियानोच्या पट्ट्यांसारखी प्रत्येक पेशीची जागा ठरलेली. एका टोकाला बारीक आवाज, दुसऱ्या टोकाला जाड. मोठ्या आवाजानं या पेशी मरतात आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. कोंबडीत उगवतात, माशात उगवतात.

"म्हणजे कोंबडीनं पंक ऐकलं तर चालतं," दस्तगीर म्हणाला.

"दोन आठवड्यांत बरी होते," डॉक्टर हसल्या. "आता माणसालाही होता येतं. केसपेशींच्या शेजारी आधारपेशी असतात. त्यांना आपण एक निरोप पाठवतो, की बायांनो, तुम्हीच आता केसपेशी व्हा. कानाच्या पडद्यातून एक थेंब आत सोडायचा. झालं."

"आणि शिट्टी?"

"ती कानात नाहीच, चाचा. ती मेंदूत आहे. कानाकडून एखाद्या पट्टीचा आवाज येणं बंद झालं, की मेंदू त्या पट्टीचं बटण पूर्ण पिळतो. काही येत नसताना रेडिओ मोठा केला तर खरखर येते ना, तसंच. नव्या पेशी बोलायला लागल्या की मेंदू बटण खाली करील. शिट्टी जाईल."

लोक हे ऐकून रडतात, असं डॉक्टरांना माहीत होतं. हा माणूस मात्र पांढरा पडला.

थेंबाची खेप दर तीन महिन्यांनी यायची आणि आल्यावर नऊ दिवस टिकायची. संमतीपत्र त्यानं भरलं ते असं :

*धूम्रपान?* सोडलं.
*मोठ्या आवाजाशी संबंध?* तोच धंदा.
*उपचारामुळे गमावण्याची भीती वाटते असे काही?*

पुढची जागा त्यानं कोरी ठेवली. सही केली नाही. कागद घडी करून खिशात घातला.

•

एक गोष्ट इथंच सांगायला हवी.

दस्तगीरचे वडील बंदेनवाज शिकलगार तंबोरे करायचे. तंबोऱ्याची तार हाडाच्या एका छोट्या घोडीवरून जाते. त्या घोडीचा माथा कानशीनं केसभर घासून असा काही उतरता करायचा, की तार नुसती वाजत नाही, गुंजते. त्याला जवारी म्हणतात. मापाची पट्टी नाही, साचा नाही. नव्वद साली कुणी विक्रेता सूर दाखवणारं नवं यंत्र घेऊन दुकानात आला, तर अब्बांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. ते दुकानाच्या उंबऱ्याशी बसून, तोंड मिटून, घशातल्या घशात एकच सूर धरायचे आणि घासत राहायचे. तासन् तास. गल्लीतली पोरं म्हणायची, शिकलगारांच्यात भुंगा शिरलाय.

एकोणिसाव्या वर्षी दस्तगीरनं दुकानात बसायला नकार दिला. भांडण झालं, म्हणजे तो एकटाच भांडला. शेवटी पिशवी खांद्यावर टाकून म्हणाला, "तुमच्या घरातला एक सूरसुद्धा घेऊन जाणार नाही."

अब्बांनी मान वर केली नाही. कानस चालू राहिली.

पुढं ते वारले तेव्हा तो बंगळुरूला शोवर होता.

शिट्टी ही म्हणूनच त्याची होती. ती घरातून आणलेली नव्हती, कुणी शिकवलेली नव्हती. स्वतःचा कान फोडून मिळवलेली होती.

•

डॉक्टर स्वभावानं चौकस. शिट्टीवर गिटार लावणारा रोगी त्यांना पुन्हा मिळणार नव्हता.

"जाण्याआधी तिचं माप तरी घेऊ," त्या म्हणाल्या.

कानाला यंत्र लावून त्या एकेक सूर वाजवायच्या. दस्तगीर म्हणायचा, "वर... अजून वर... हां, हीच." सोमवारी शिट्टी निघाली सेकंदाला सहा हजार दोनशे कंपनांची. बुधवारी पाच हजार आठशे. शुक्रवारी सहा हजार सातशे.

"तुमची शिट्टी हलते, चाचा."

"शक्यच नाही."

"आणि दुसरं. पाच हजारांच्या वर माणसाला सूर असा कळतच नाही. बारीक आहे की जास्त बारीक, एवढंच कळतं. किलकिल ऐकू येते, सारेगम नाही. या शिट्टीवरून गिटार लावणं म्हणजे चांदण्या बघून घड्याळाचा सेकंदकाटा लावण्यासारखं आहे."

"चार अल्बम केलेत मी हिच्यावर!"

"तेही ऐकले," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पडदा त्याच्याकडे फिरवला. "जगभर वाद्यं लावतात ती चारशे चाळीसवर. तुमचे चारही अल्बम चारशे एकतीसवर आहेत. अठ्ठ्याण्णवची कॅसेट, दोन हजार चारची सीडी, नंतरचे दोन. जिथून मिळतील तिथून बावीस शो ऐकले. चारशे एकतीस. फार तर एखादं कंपन इकडं-तिकडं." त्या पुढं झुकल्या. त्यांचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. "शिट्टी रोज हलते. गिटार हलत नाही. मग सूर धरून कोण बसलंय?"

दस्तगीरला उत्तर सुचायला दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत वेळ लागला. सुचलं ते चुकीचं होतं.

•

"यंत्र होतं तुझ्याकडं."

वैजू बासची तार बदलत होती. ती थांबली.

"पहिल्यापासून होतं. माझ्या आधी येऊन दोन्ही गिटार लावून ठेवत होतीस. मी येडा आपला डोळे मिटून उभा. आख्खं जग माझ्याकडं बघायलंय आणि तू मनात हसायलीस."

ती बोलू लागली. त्यानं तिच्या ओठांकडे बघितलं नाही, मुद्दाम. मग ती उठून त्याच्या उजव्या बाजूला आली, त्याची बखोट धरली आणि कानाशी तोंड नेऊन, असेल नसेल तो आवाज लावून म्हणाली :

"सत्तेचाळीस वर्षं मला वाटायचं, यंत्र तुझ्या खिशात आहे. मी कधी बोलले? नवऱ्याचं घर सोडलं, बँड सोडला न्हाई. आणि तू मला चोर म्हणायलास?"

तिनं बास पिशवीत घातली. दारातून परत काहीतरी बोलली. दहाव्या गाण्यासारखंच तेही त्याला ऐकू आलं नाही.

ऋजुता भोपळ्यांच्या मागं खाली मान घालून उभी होती. "काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"ते तुम्हीच ऐकायला पाहिजे होतं, चाचा."

खेपेचा तो आठवा दिवस होता. दस्तगीरनं खिशातला कागद काढला. कोऱ्या जागेत त्यानं लिहिलं : *होतं एक. आता दुसऱ्याची भीती जास्त वाटायलीय.* आणि सही केली.

*(कॅसेट उलटा.)*

बाजू ब

थेंब सोडल्यावर पहिले दहा दिवस काहीच नाही.

अकराव्या दिवशी चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला आणि तो दचकून उभा राहिला.

विसाव्या दिवशी डावा कान उजव्याशी भांडायला लागला. नव्या पेशी अजून आपापली जागा शिकत होत्या. एकच रिक्षाचा हॉर्न उजव्या कानात एका पट्टीत वाजायचा आणि डाव्यात किंचित वरच्या. अजान दोन मशिदींतून आल्यासारखी यायची. "मेंदूला सहा आठवडे द्या," डॉक्टर म्हणाल्या. "तो दोघांचं जमवून देतो."

तिसाव्या दिवशी तो सकाळी जागा झाला आणि बराच वेळ अंथरुणावर बसून राहिला. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. दार उघडं राहिलंय का, गॅस चालू आहे का, सगळं बघून आला. मग त्याला कळलं.

शिट्टी गेली होती.

गिटार घेतली. खुंट्या सैल केल्या, डावा हात वर केला, मान कलती केली. खिडकीबाहेर चिमण्या होत्या, शेजारी कुकर होता. सूर मात्र कुठंच नव्हता. त्यानं गिटार भिंतीला टेकवली आणि तो वैजूकडे निघाला.

•

"आत ये. चप्पल बाहेर काढ."

दार उघडता उघडता ती पाठमोरी बोलली होती. दस्तगीर चौकटीत तसाच उभा राहिला.

"काय झालं?" वैजू वळली.

"परत म्हण."

"काय परत म्हण?"

"चप्पल."

वैजूनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग, त्याच्या डाव्या बाजूला जाऊन, होता तेवढ्याच आवाजात म्हणाली, "नालायक माणसा. चप्पल काढ."

"आवाज चांगला आहे की तुझा," दस्तगीर म्हणाला. "जुन्या मोटरसारखा."

"माफी मागायला आलास का मोटर विकत घ्यायला?"

त्यानं माफी मागितली. ती त्याला नीट जमली नाही, पण तिनं चहा टाकला.

"त्या दिवशी दारातनं काय म्हणालीस?"

"आता विचारायलास होय? राहू दे. ऐकायची वेळ होती तेव्हा बहिरा होतास."

•

बर्फाच्या कारखान्यात ऋजुतानं पंखे बंद केले. दहावं गाणं. दोघंही आपापल्या जागी, वैजू डावीकडे, गालात लवंग धरून.

"सवयीचं आहे ते सगळं करा," ऋजुता म्हणाली. "मी चालू ठेवते."

दस्तगीरला माहीत होतं की काही येणार नाही. तरी त्यानं हात वर केला. मान कलती केली. डोळे मिटले.

नळातून एक थेंब पडला. ऋजुताचा श्वास. वैजूच्या दाताखाली लवंग. सत्तेचाळीस वर्षं या शांततेत तो एकटा होता. आता इथं केवढी गर्दी होती.

आणि कुणीतरी गुणगुणत होतं.

अगदी हळू. तोंड मिटून. एकच सूर, न हलणारा. त्याला रागच आला.

"कोण गुणगुणायलंय?"

आवाज थांबला. त्यानं डोळे उघडले. ऋजुता वैजूकडे बघत होती. वैजूनं लवंग गालातून काढली.

"सत्तेचाळीस वर्षं झाली. आज विचारायलास?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू."

"मी?"

"न्हाई, मिरजेचा स्टेशनमास्तर." वैजूनं बास मांडीवर घेतली. "दर शोला तू हात वर करून भुंग्यासारखा गुणगुणतोस. मी तुझ्या डावीकडं उभी राहून त्याच्यावर बास लावते. बबन्या झांज हातानं दाबून धरायचा, तुझा सूर बिघडू नये म्हणून. मला वाटायचं, आधी कुठंतरी लपून यंत्र बघून येतोस आणि मग आम्हाला सूर देतोस."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"दारात तेच सांगितलं."

दस्तगीर ऋजुताकडे वळला, जणू ती तरी नाही म्हणेल. ती मान खाली घालून यंत्रावर काहीतरी शोधत होती. "जुन्या अल्बमच्या मूळ टेपा आहेत माझ्याकडं. प्रत्येक गाण्याआधी एक घरघर आहे. सगळ्यांनी ती स्पीकरची समजून कापली." तिनं बटण सरकवलं. "मीसुद्धा."

घरघर खोलीभर झाली.

आपण बोलतो, खाकरतो, तेव्हा मेंदू स्वतःच्या आवाजाचं दार लोटून घेतो, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं. त्यात अर्धा बहिरा कान, त्यावर शिट्टी, आणि सगळं लक्ष त्या शिट्टीकडं. ऐकू कसं येणार? पण ते नंतर. त्या क्षणी दस्तगीरला दोन्ही कानांनी ऐकू आलं ते एवढंच, की हा आवाज आपला नाही. हा उंबऱ्याशी बसलाय. त्याच्या मांडीवर तंबोऱ्याची घोडी आहे.

"चारशे एकतीस," ऋजुता पडद्याकडे बघत पुटपुटली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

•

दुसऱ्यांदा हात वर केला. आता माहीत होतं, म्हणून घसा कोरडा पडला.

तिसऱ्यांदा सूर आला, पण फुगवलेला. "नाटक नको," वैजू म्हणाली.

चौथ्यांदा काहीच नाही. पाचव्यांदा तो मधेच खोकला.

"गेलं," दस्तगीर म्हणाला. "शिट्टी गेली ती गेली, आता हेही. तुम्ही मला सांगायलाच नको होतं."

"बरं, नको होतं," वैजू म्हणाली. "मग यंत्र आणू?"

तो बाजूला झाला. गिटार घेऊन भोपळ्यांच्या बाजूच्या स्टुलावर जाऊन बसला. तार वाजवून बघितली. खालच्या तारेला एक बारीक किरकिर होती, ती त्याला पूर्वी कधी ऐकू आली नव्हती. घोडीच्या खाचेत कुठंतरी धार राहिली असावी.

"कानस आहे का गं?"

ऋजुतानं अवजारांच्या डब्यातून एक बारीक कानस दिली. त्यानं तार बाजूला केली, घोडी अंगठ्यानं चाचपली आणि घासायला सुरुवात केली. दोनदा घासायचं, फुंकर मारायची. तार परत चढवायची, ऐकायचं. अजून केसभर. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, असं तो आयुष्यभर सांगत आला होता.

चौथ्या फुंकरीनंतर केव्हातरी ते सुरू झालं.

या वेळी त्याला ऐकू आलं. डाव्या कानात आणि उजव्या कानात, एकाच पट्टीत. सूर थांबवणं सोपं होतं. एक सूरसुद्धा नेणार नाही, म्हणालेला पोरगा अजून दाराशी पिशवी घेऊन उभा होता आणि उत्तराची वाट बघत होता.

डावीकडे वैजूनं अगदी हळू बासची खुंटी पिळली. जुळवत होती. ऋजुताच्या टेबलावर लाल दिवा लागला होता.

दस्तगीरनं मान वर केली नाही. कानस चालू राहिली.

•

*('कानस'च्या पाठीवर छापलेल्या मजकुरातून)*

*१०. नाव नाही. सात मिनिटं चार सेकंद.*
*गिटार, आवाज : दस्तगीर शिकलगार.*
*बास, मधलं कडवं : वैजयंता कुरणे. हळू आहे, कान देऊन ऐका.*
*भोपळे : ऋजुता.*
*सुरुवातीची घरघर : बंदेनवाज शिकलगार, तंबोऱ्याचे कारागीर, मिरज. कापू नये.*